मुक्ताला, पहिल्या पगाराआधी

कराड, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "बाबा, पगाराचं खातं ऑफिसनं काढून दिलंय, पण त्याच बँकेचा माणूस आणखी एक प्रीमियम खातं काढा म्हणून मागं लागलाय. काढू का?" मी तेव्हा मंडईत होतो, हातात पतसंस्थेच्या पिग्मीचं, म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करायचं मशीन आणि समोर गिऱ्हाईक. "थांब" एवढंच म्हणालो. आज निवांत लिहितो. नको काढूस.

कपाट आवरताना तुझं शिष्यवृत्तीचं जुनं पासबुक सापडलं. ते मी बँकेत नेऊन मशीनमध्ये भरून आणलं. कर्रकर्र करत पान बाहेर आलं आणि मी तिथंच बाकावर बसलो. खात्यात २,३६० रुपये होते. त्यातून दर महिन्याला १७७ रुपये वजा. किमान शिल्लक नाही म्हणून १५० दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २७. अशा तेरा ओळी, चौदावी ५९ रुपयांची आणि पुढं शून्य. शून्यावर थांबलं तेसुद्धा रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळं, या दंडापायी खातं उणे करता येत नाही. दंड लावण्याआधी बँकेनं कळवावं असाही नियम आहे. बँक म्हणाली, एसएमएस पाठवला होता. तो गेला तुझ्या कॉलेजातल्या त्या हरवलेल्या सिमवर. नंबर बदलल्यावर बँकेत कळवायचं माझ्याही लक्षात आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ती तुझ्या मार्कांची कमाई होती गं.

मंडईतली भाजीवाली मावशी रोज माझ्याकडं ५० रुपये पिग्मी भरते. पाऊस असो, माल पडून राहो, नोट घडी करून ठेवलेली असते. १७७ म्हणजे तिची साडेतीन दिवसांची बचत. मला बँकेचे दंड याच मापानं मोजायची सवय आहे, तूही तसंच मोज.

ही किमान शिल्लक म्हणजे काय, ते बहुतेकांना नीट माहीत नसतं. बहुतेक ठिकाणी ती महिन्याची सरासरी असते. रोज दिवसअखेर खात्यात किती उरले ते मांडायचं, बेरीज करायची, दिवसांनी भागायचं. समज सरासरी १०,००० हवी आणि महिना ३० दिवसांचा. पहिले दहा दिवस २६,००० राहिले आणि पुढचे वीस दिवस २,०००, तरी सरासरी बरोबर १०,००० भरते, दंड नाही. पण महिनाभर खातं रिकामं ठेवून शेवटच्या दिवशी १०,००० टाकलेस तर सरासरी येते ३३३. आमच्या पतसंस्थेतल्या शिकल्यासवरल्या माणसांचीही इथं चूक होते. तुझ्यापुढं ठेवलेल्या प्रीमियम खात्याला याहून मोठी शिल्लक लागणार. तेवढे पैसे तिथं अडकवून तुला मिळणार काय, तर एक चकचकीत कार्ड, आणि त्याची वार्षिक फी वेगळी. ती किती, हे त्या माणसाला लेखी द्यायला सांग. प्रत्येक बँकेच्या वेबसाइटवर सेवाशुल्काचा तक्ता असतो, तोही बघ.

पगाराच्या खात्याला किमान शिल्लक लागत नाही, म्हणून ते रोजच्या खर्चाला चांगलं. मात्र नोकरी बदललीस आणि काही महिने पगार आला नाही, की ते साधं बचत खातं होतं आणि दंडाचा नियम लागू. नोकरी सोडलीस की आठवणीनं त्याचा निकाल लाव. बचतीचे पैसे इथल्या आपल्या स्टेट बँकेच्या खात्यात टाक. त्यांनी २०२० च्या मार्चमध्ये बचत खात्याची किमान शिल्लकच काढून टाकली, नंतर आणखी काही सरकारी बँकांनीही. आणि ऑनलाइन एनईएफटीला बचत खातेदाराकडून २०२० पासून पैसे घेत नाहीत, त्यामुळं इकडून तिकडं पाठवायला काही पडत नाही. दोन खाती पुरेत.

एटीएमचं लक्षात ठेव. आपल्या बँकेच्या मशीनवर महिन्याला पाच वेळा फुकट. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मुंबईसारख्या महानगरात तीन वेळा, पुण्यात पाच. त्यापुढं २३ रुपयांपर्यंत, वर जीएसटी, म्हणजे २७ रुपये १४ पैसे. नुसती शिल्लक बघितली तरी ती एक वेळ मोजली जाते! शिल्लक मोबाइलवर बघ.

फॉर्मवर सही करताना विम्याच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण आहे का पाहा. वर्षाला ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा, दोन्ही सरकारी विमा योजना चांगल्याच आहेत, जरूर घे, पण एकाच खात्यातून. दोन खात्यांतून हप्ता गेला म्हणून जीवनज्योतीच्या विम्याचे दोन लाखांचे चार होत नाहीत.

कधी न कळणारी वजावट दिसली तर आधी बँकेत लेखी तक्रार दे आणि पोच घे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. तुझ्या त्या २,३६० साठी मी बँकेत अर्ज देणार आहे. खातं तुझ्या नावावर आहे, तेव्हा तुझ्या सहीचं पत्र लागेल. आधारची प्रत आणि पत्र कुरिअरनं आजच पाठव. जुना मोबाइल नंबर आठवत असेल तर तोही लिही.

आईनं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी भरून ठेवलीय, शनिवारी शेजारचा पोरगा पुण्याला येतोय त्याच्याकडं देतो.

तुझे,
बाबा