ताई, प्रॅक्टिसनंतरच्या त्या अर्ध्या तासासाठी

ताई,

हे पत्र तुला एकटीला पाठवता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आपल्या कोल्हापुरात आणि बाकीकडेही आत्ता खूप पोरी-पोरं एकाच वेळी दोन-दोन तीन-तीन गोष्टी शिकतायत, सकाळी कराटे, संध्याकाळी ज्युदो, रविवारी लाठी, आणि त्यांना शिकवणारे सर मिळतात, वस्ताद मिळतात, पण तुझ्यासारखी सिनियर मिळतेच असं नाही. तू काय केलंस ते त्यांना कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मी शाळेपासून कराटे केलेलं. कॉलेजसाठी कोल्हापूरला आले आणि ज्युदोच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा तू ब्राऊन बेल्ट होतीस. आधीच्या एका क्लासमधे मला सवय लागली होती की प्रश्न विचारायचा नाही, सांगितलं तेवढं करायचं, "असं का" म्हटलं की सगळ्यांसमोर पन्नास बैठका. त्यामुळे मी गप्प उभी राहायचे. पहिल्याच आठवड्यात क्लास सुटल्यावर तू मॅटच्या कडेला बेल्ट सोडत बसलेलीस आणि मला हाक मारून विचारलंस, "काय गं, आज पडताना श्वास कुठं होता तुझा?" असा प्रश्न मला तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता. मी म्हटलं माहिती नाही. तू म्हणालीस उद्या बघून ये आणि सांग.

ताई, माझी उकेमी, म्हणजे न लागता पडायची पद्धत, तुझ्यामुळे झाली, हे आधी लिहिते. सरांनी सगळ्यांना शिकवली तशी मलाही शिकवली, झोपून, मग उकिडवं बसून, मग उभं राहून, पण तू कडेला बसून आवाज ऐकायचीस. हात मॅटवर पडल्याचा आवाज आधी आणि पाठीचा नंतर आला की म्हणायचीस घाई झाली, उलटा आला की म्हणायचीस उशीर झाला. हनुवटी आत, नजर बेल्टच्या गाठीवर, हात अंगापासून फार लांब नाही, तळव्यापासून कोपरापर्यंत सगळा एकदम टेकला पाहिजे, आणि श्वास बाहेर. हे तू किती वेळा सांगितलंस, एकदाही वैतागली नाहीस. आज मला कुणी ओसोतोगारी, म्हणजे पाय मागून उडवून पाडायचा डाव, मारून जोरात आपटलं तरी मी उठून हसत परत पकड घेते, ते त्यामुळेच.

पण खरे आभार मानायचेत ते त्या कट्ट्याचे. क्लासनंतर बाहेरच्या पायऱ्यांवर आपण बसायचो, कुणीतरी चहा आणायचं, आणि तू विषय काढायचीस. हळूहळू आपल्यात कोण कोण येऊन बसायला लागलं बघ, मॅटवरची कुस्ती करणारी ती गडहिंग्लजची पोरगी, कराटेवाले दोघं भाऊ, पेठेतल्या वस्तादांकडे लाठी-पट्टा शिकणारी दोन पोरं. एवढे सगळे एकत्र आले की काय होतं ते सगळ्यांना माहिती आहे, कुठली विद्या भारी यावर भांडण. तू ते कधी होऊच दिलं नाहीस. कुणी म्हणालं की "आमच्यात असं नसतं," तर तू लगेच, "मग तुमच्यात कसं असतं आणि का तसं असतं ते सांग." आणि कुणी मोबाईलवर व्हिडिओ दाखवायला लागला की "चल मॅटवर, हळू करून दाखव." एवढ्या दोन गोष्टींवर सगळी चर्चा चालायची आणि खरंच खूप चालायची, वॉचमन काका दिवे घालवायला यायचे तोपर्यंत.

मला सगळ्यात जास्त आठवते ती पाठ टेकण्यावरची चर्चा, तिथे मला पहिल्यांदा कळलं की नियम अंगात कसे मुरतात. कुस्तीवाली पोरगी ज्युदोला आली की फेकल्यावर हवेतच वळायची आणि पोटावर पडायची, काही झालं तरी पाठ द्यायची नाही, कारण कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की चितपट, संपलं. आणि आपण ज्युदोवाले तिच्याबरोबर कुस्ती धरली की मस्त पाठीवर पडायचो, हात आपटून, एकदम शुद्ध उकेमी, आणि ती हसत वरून दाबायची, झाली कुस्ती. त्या भावांपैकी मोठा म्हणाला की मग ज्युदोवाल्यांना हरायलाच शिकवतात की. तू त्याच्यावर चिडली नाहीस. तू तिला हवेत वळायला सांगितलंस, अगदी सावकाश, आणि मधेच थांबवून तिचा हात दाखवलास, जमिनीकडे सरळ ताणलेला. म्हणालीस, वळणं बरोबर आहे, ज्युदोतही इप्पोन, म्हणजे लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण, वाचवायला लोक असंच वळतात, पण हा हात असा ताठ टेकला तर कोपर नाहीतर खांदा जाणार. मग तिला उकेमी शिकवलीस आणि आपल्याला वळायला लावलंस. पडायचं कसं ते आधी शरीराला माहिती पाहिजे, मग स्पर्धेत पडायचं का वळायचं ते त्या वेळी ठरवता येतं, असं तुझं म्हणणं होतं, आणि त्यानंतर त्या पोरीला हाताची दुखापत झालेली मी बघितली नाही.

कराटेमुळे माझा पुढचा पाय जड होता. पुढच्या गुडघ्यात वाकून लांब उभं राहायची सवय, निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायावर, तिथून ठोसा छान बसतो, पण रांदोरीत, म्हणजे ज्युदोच्या मोकळ्या सरावाच्या लढतीत, तू देआशीबाराई या डावाने माझा तोच पाय सारखा झाडून काढायचीस. मी विचारलं की मग मी कराटेचं उभं राहणं सोडून देऊ का, तर तू म्हणालीस अजिबात नको, पाय जड आहे म्हणून जात नाही तो, वजन पडायच्या क्षणी जातो, तो क्षण तुला ओळखता आला तर तोच तुझ्या कामाचा. मग तू मला नुसतं चालायला लावलंस, माझी बाही धरून, मॅटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पाय टेकायच्या आधी मी "आता" म्हणायचं, एवढंच. कितीतरी संध्याकाळी आपण तेवढंच केलं. नंतर कराटेच्या कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीतही मला समोरच्याचं वजन कधी बदलतं ते दिसायला लागलं, आणि ते आमच्या कराटेच्या सरांच्याही लक्षात आलं.

तसंच हिकितेचं. एक हात ठोसा मारताना दुसरा कमरेला ओढून घ्यायचा, हे मी लहानपणापासून करत आले, का करायचं तर ताकद येते म्हणून. तू तुझी बाही माझ्या त्या ओढणाऱ्या हातात दिलीस आणि म्हणालीस आता कर तुझा काता, म्हणजे कराटेतल्या ठरलेल्या हालचालींचा क्रम. मी ओढलं आणि तू आख्खी पुढे आलीस, टाचा उचलल्या गेल्या तुझ्या. ज्युदोत ज्याला आपण तोल मोडणं म्हणतो तेच. त्या दिवशी घरी जाऊन मी सगळे हेइआन, म्हणजे कराटेतले सुरुवातीचे काता परत केले, प्रत्येक ओढीत कुणाचा तरी हात आहे असं धरून. इतकी वर्षं जे नुसतं पाठ होतं त्यात माणूस आला.

ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंच्या गोष्टी तू सांगायचीस त्याही मला खूप उपयोगी पडल्या. 1882 साली टोक्योच्या एईशोजी मंदिरात बारा तातामी चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान, म्हणजे त्यांची ज्युदोची शाळा, सुरू केलं, त्याआधी ते स्वतः तेनजिन शिन्यो र्‍यू आणि कितो र्‍यू अशा दोन वेगवेगळ्या घराण्यांचं जुजुत्सू शिकले होते, आणि त्यांच्या शिकवण्यात काता आणि रांदोरीच्या जोडीला व्याख्यान आणि प्रश्नोत्तरं हेही धरलेलं होतं. हे ऐकून मला केवढा धीर आला म्हणून सांगू, कारण मी तोपर्यंत समजत होते की बोलणं म्हणजे प्रॅक्टिस टाळणं. आणि 1922 साली ओकिनावाहून कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी टोक्योला आले तेव्हा कानोंनीच त्यांना कोदोकानमधे कराटे दाखवायला बोलावलं, पुढे कराटेवाल्यांनी ज्युदोसारखेच ड्रेस आणि बेल्ट घेतले. म्हणजे माझे दोन क्लास शंभर वर्षांपूर्वीच एकमेकांशी बोलत होते! ते दोघे भाऊ त्यानंतर भांडायचे थांबले, हे तुला आठवत असेल.

दांडपट्ट्याचं तर सगळं श्रेय तुझंच. मला वाटायचं मर्दानी खेळ म्हणजे शिवजयंतीच्या मिरवणुकीत बघायची गोष्ट. तू स्वतः माझ्याबरोबर वस्तादांकडे आलीस, शिवाजी पेठेत, कोपऱ्यात चपला काढून बसलीस आणि विचारलंस, वस्ताद, आधी हात शिकवता का पाय? वस्ताद म्हणाले पाय चुकला की हात काय करणार पोरी. मग पहिले बरेच दिवस नुसते पवित्रे, नंतर लाठी, आणि मग कधीतरी पट्टा हातात. पट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीच्या आत आडवी असते, हात जवळजवळ कोपरापर्यंत झाकलेला, मनगट वळतच नाही. लाठीत मी सगळी चलाखी मनगटाने करायचे, ती इथे एकदम बंद झाली, पातं फिरवायचं तर खांद्यातून, कमरेतून आणि पायातून. दुसऱ्या दिवशी ज्युदोला आले आणि सेओईनागेत, म्हणजे खांद्यावरून फेकायच्या डावात, कंबर आपोआप आत गेली. तू लांबून बघत होतीस, काहीच बोलली नाहीस, नुसती मान हलवलीस, आणि पायऱ्यांवर बसल्यावर म्हणालीस, आता सांग सगळ्यांना काय झालं ते. 2024 साली सरकारने दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला तेव्हा मी पहिला फोन तुला केला होता.

अजून एक लिहायचं आहे, ते आईच्या वतीने. ज्युदोत जमिनीवरचं काम असतं, पकडून दाबून ठेवायचं, आणि क्लासमधे मुलं जास्त, मुली कमी, हे घरी कळल्यावर आईने क्लास बंद करायचा असं ठरवलेलं. तू घरी आलीस, स्वयंपाकघरातच बसलीस, आईला समजावलं नाहीस की आता काळ बदललाय वगैरे, फक्त म्हणालीस, काकू, तुम्ही आठवडाभर येऊन बसा, मग ठरवा. आणि आई आली. तिने बघितलं की टॅप केलं, म्हणजे सोड म्हणून हाताने थोपटलं, की समोरचा त्याच क्षणी सोडतो, नाही सोडलं तर सर त्याला मॅटच्या बाहेर बसवतात, आणि कुणाबरोबर जोडी करायची नाही हे मुलगी सांगू शकते, त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. हा शेवटचा नियम तू सरांशी बोलून करून घेतला होतास हे मला खूप नंतर कळलं. तुझे आजोबा लाल मातीतले पैलवान, तू लहानपणी तालमीच्या दाराबाहेरून हौद्यातल्या कुस्त्या बघितल्यास कारण आत मुलींना घेत नव्हते, हे तू एकदाच सांगितलंस आणि परत त्यावर बोलली नाहीस. 2023 साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने गदा उचलली, तेव्हा आपण सगळ्यांनी ती कुस्ती मोबाईलवर बघितली आणि तू रडलीस. मी पण रडले. तू बाहेरून बघत राहिलीस आणि आमच्यासाठी दार उघडं ठेवलंस, हे मला लिहूनच ठेवायचं होतं.

आता तुझी बदली झाली, आणि कट्टा माझ्याकडे आलाय. मी तुझ्याच दोन नियमांवर चालवते. नवीन पोरी येतात, पहिल्या दिवशी गप्प असतात, मी त्यांना विचारते श्वास कुठं होता, आणि दुसऱ्या दिवशी त्या खरंच सांगायला येतात. एक तर वहीत लिहून आणते, चित्रं काढून, कुठला पाय कुठे होता ते बाण दाखवून. तिची वही तुला बघायलाच पाहिजे.

आणि एक प्रश्न तुझ्यासाठी राखून ठेवलाय. आपल्या गडहिंग्लजवालीचा हात पटाला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडायला, फार चांगला, एकेरी पट, दुहेरी पट दोन्ही, पण ज्युदोत पाय धरणं 2010 पासून टप्प्याटप्प्याने बंद झालं, त्यामुळे आपल्याकडे ती सरळ उभं राहायला शिकली आणि आता कुस्तीच्या मॅटवर गेली की तिचे पाय उघडे पडतात, समोरची सरळ आत शिरते. तिचं म्हणणं स्पर्धेआधी महिनाभर ज्युदो पूर्ण बंद ठेवते. माझं मत असं की बंद नको, पकडीचं काम चालू ठेवावं आणि रांदोरीत आपण तिच्यासाठी पट मोकळा ठेवावा, म्हणजे ती वाकून उभं राहायला विसरणार नाही. ती ऐकत नाही, म्हणते ताईला विचार. दिवाळीत येशील तेव्हा ड्रेस घेऊन ये, तिच्याबरोबर दोन राऊंड कर आणि तूच सांग.

तुझीच,
कट्ट्यावरची कराटेवाली