कललेल्या पॉण्टून बोटीचे निदान करणाऱ्या मेस्त्रीकाकांस आभारपत्र

आदरणीय मेस्त्रीकाका यांस,

सादर नमस्कार.

आमची पॉण्टून बोट, म्हणजे दोन बंद ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर डेक बसवलेली बोट, आता पुन्हा पाण्यात सरळ बसते आहे. आपले आभार आम्ही समक्ष मानले आहेतच. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहोत, कारण आपण केलेल्या दुरुस्तीपेक्षा दुरुस्तीपूर्वी आमच्याकडून जी मोजमापे करवून घेतलीत ती आम्हाला अधिक मोलाची वाटतात, आणि कललेल्या बोटीच्या काळजीत असलेल्या इतर मालकांनाही ती उपयोगी पडतील.

बोट डाव्या अंगाला कलते आणि तिची पिछाडीही खचते, हे दिसू लागल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी उजव्या बाजूला वाळूच्या गोण्या ठेवायला सांगितले, तर कोणी डाव्या नळीत फोम भरायला. गोण्यांनी बोट सरळ दिसेल पण आणखी खोल बसेल, आणि शाबूत नळीत मुळातच हवा असल्यामुळे तिच्या जागी फोम भरल्याने तरंगण्याची शक्ती वाढत नाही, उलट फोमच्या वजनाइतकी घटते, असे सांगून आपण दोन्ही सल्ले बाजूला ठेवलेत. फोममध्ये एकदा मुरलेले पाणी सहजी निघत नाही आणि पुढे त्या जागी वेल्डिंग करणेही धोक्याचे होते, हे आपण जाता जाता सांगितलेत. फोम विकणारे मात्र ते सांगत नाहीत.

त्यानंतर आपण नळीला हातही न लावता बोट रिकामी करायला लावलीत. खुर्च्या, नांगर, बॅटऱ्या, पिण्याच्या पाण्याचे कॅन असे सारे उतरवून, वारा पडलेला असताना, दोन्ही नळ्यांच्या मध्यरेषेच्या बरोबर वर पुढे आणि मागे अशा चार ठिकाणी डेकपासून पाण्यापर्यंतची उंची मोजायची होती. इंधनाची टाकी बोटीच्या मध्यरेषेवर असल्यामुळे तिच्यावर संशय घेण्याचे कारण उरले नाही. (ती एका कडेला असती, तर 100 लिटर पेट्रोलचे सुमारे 75 किलो वजन हिशेबात धरावे लागले असते.) सामान उतरवल्यावरही डावी बाजू उजवीपेक्षा अडीच सेंटिमीटर खालीच राहिली.

या अडीच सेंटिमीटरचे आपण जे केलेत ते आम्ही विसरणार नाही. आमची प्रत्येक नळी 60 सेंटिमीटर व्यासाची आणि 6 मीटर लांबीची आहे. ती साधारण अर्धी बुडालेली असते तेव्हा पाण्याच्या पातळीवर तिचा छेद 3.6 चौरस मीटर भरतो, म्हणजे ती 1 सेंटिमीटर खाली जायला सुमारे 36 किलो भार लागतो. त्यावरून डाव्या नळीवर 90 किलोंच्या आसपास जादा वजन आहे असे आपण सांगितलेत; बोट रिकामी असल्यामुळे ते पाण्याचेच असणार, आणि पिछाडी खचलेली असल्यामुळे ते नळीच्या तीन बंदिस्त कप्प्यांपैकी मागच्या कप्प्यात असणार. नळी उघडण्यापूर्वीच किती लिटर पाणी निघेल आणि कोठून निघेल, याचा अंदाज कागदावर तयार होता.

पण पाणी शिरते कोठून, हा प्रश्न उरलाच होता. येथे आपण घाई केली नाहीत, आणि आमच्या मते साऱ्या निदानाचा कणा तोच होता. बोट काही दिवस जागेवर बांधून ठेवून आणि नंतर लाटांमधून चालवून आणून, दोन्ही वेळा उंची पुन्हा मोजायला लावलीत. नुसती बांधलेली असताना कल वाढला नाही, फेरीनंतर वाढला. भोक पाण्याखाली असते तर बांधलेल्या बोटीतही पाणी चढत राहिले असते, तेव्हा ते पाणरेषेच्या वर, तुषार उडतात त्या भागात शोधायला हवे, असा निष्कर्ष निघाला. शिवाय उन्हात तापलेली नळी गार पाण्याने थंड झाली की आतली हवा आकुंचन पावते. 45 अंश सेल्सियसवरून 25 अंशांवर येताना बंद कप्प्यातला दाब सुमारे 6 टक्के घटतो, आणि केसाएवढ्या फटीवर साचलेले पाणी आत ओढून घ्यायला तेवढे पुरते.

बोट ट्रेलरवर चढवल्यावर त्या कप्प्याला बूच नसल्याचे आढळले, म्हणून आपण सर्वांत खालच्या जागी छिद्र पाडून पाणी काढलेत. बादल्यांनी मोजलेले पाणी हिशेबाच्या अगदी जवळ आले. मग सावलीत, दाबमापक आणि सुरक्षा झडप लावून, केवळ 2 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाने हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवलेत. दाब वाढवून काम लवकर उरकण्याचा आग्रह तेथे जमलेल्यांपैकी काहींनी धरला होता. कप्पे वेगळे करणाऱ्या एवढ्या व्यासाच्या पडद्यावर 3 पीएसआय दाबसुद्धा जवळजवळ 600 किलोंचा जोर लावतो, हे आपण सांगितल्यावर सगळे दोन पावले मागे सरकले. बुडबुडे आले ते नळीच्या पोटाशी नव्हे, तर वरच्या अंगाला, डेकची आडवी पट्टी धरणाऱ्या मागच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगच्या कडेला.

प्रत्यक्ष जोडकाम त्या मानाने लवकर झाले. इंधनाची टाकी आधीच उतरवली होती आणि कप्प्याचे छिद्र उघडे ठेवले होते. तडा दोन्ही टोकांशी बारीक छिद्रे पाडून थांबवला, घासून उघडा केला, केवळ ॲल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेस ब्रशने साफ केला आणि आर्गॉन वायूच्या आवरणाखाली टिग (टंगस्टन इलेक्ट्रोडच्या) वेल्डिंगने भरला. तडा जाण्याचे मूळ ब्रॅकेटच्या सैल बोल्टांत होते; ते बदलले नसते तर नवे वेल्डिंगही थरथरून फुटले असते. पाणी काढण्याच्या छिद्रावर आपण आट्यांचे बूच बसवून दिलेत. प्रत्येक अधिक छिद्र म्हणजे गळतीची आणखी एक जागा, म्हणून बाकीच्या कप्प्यांना बुचे नकोत, हे आपले मत मात्र आम्हाला अजून पटलेले नाही. पाणी आहे की नाही ते बूच काढून पाहता येणे आम्हाला अधिक सोयीचे वाटते, आणि या मतभेदाबद्दल आपण रागावणार नाही अशी खात्री आहे.

दुरुस्तीनंतर त्याच चार ठिकाणी घेतलेल्या मोजमापांत डाव्या-उजव्या बाजूंचा फरक अर्ध्या सेंटिमीटरहून कमी आहे, आणि लाटांतून फेरी मारून आल्यावरही तो बदललेला नाही. उजव्या नळीवरील जोडीच्या ब्रॅकेटचे बोल्टही सैल निघाले. ते आवळले आहेत, परंतु वेल्डिंगच्या कडेला एक बारीक रेघ दिसते. ती नुसता ओरखडा आहे की तडा, हे दाब देऊन पाहण्यासाठी आपण सवडीने एकदा यावे, अशी विनंती आहे. तोपर्यंत बोट ट्रेलरवरच ठेवली आहे.

आपले कृतज्ञ,
बोटीचे मालक व कुटुंबीय