तेलविहिरींतून वर आलेला दगड आम्हाला पाहू द्या : पेट्रोलियम मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : तेल व वायू विहिरींतील खडकांचे नमुने आणि नोंदी अभ्यासासाठी खुल्या करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात मी गेली २६ वर्षे भूशास्त्र शिकवते. आमच्याकडे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की काळा पाषाण. जीवाश्मांनी भरलेला सागरी चुनखडक मुलांना दाखवायचा तर कच्छला किंवा तमिळनाडूत अरियलूरला सहल न्यावी लागते आणि तो खर्च निम्म्या मुलांना झेपत नाही. खरे तर असा चुनखडक मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखाली आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाला तेल लागले ते तिथेच. 'बॉम्बे हाय' हे नाव आमच्या पिढीने शाळेच्या पुस्तकात वाचले. त्या चुनखडकाचे नमुने ५० वर्षांपासून वर काढले जात आहेत, पण माझ्या एकाही विद्यार्थ्याने तो दगड हातात घेतलेला नाही.

विहीर खोदताना काय वर येते, हे भूशास्त्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. छिन्नीने फोडलेला दगडाचा चुरा, विहिरीत पंपाने खेळवलेल्या चिखलाबरोबर वर येतो आणि चाळणीवर अडतो. विहिरीवरचा भूवैज्ञानिक ठरावीक अंतरावर तो उचलतो, धुतो, वाळवतो, पुडीत भरतो आणि पुडीवर खोली लिहितो. चिखलाला वर यायला किती वेळ लागला याचा हिशेब त्याला सतत ठेवावा लागतो, नाहीतर दगड एका खोलीचा आणि आकडा भलत्याच खोलीचा, असे होते. काही ठिकाणी मात्र चुरा पुरत नाही. तिथे पोकळ छिन्नी लावून दगडाचा अखंड दंडगोल कापून आणतात. त्याला आम्ही कोअर किंवा गाभा म्हणतो. समुद्रातल्या रिगचा एका दिवसाचा खर्च कोटींत जातो, म्हणून प्रत्येक मीटर गाभा विचार करून घेतला जातो. विहिरीचे काम संपले की ती सिमेंटने कायमची बुजवतात. तो दगड पुन्हा मिळवायचा तर पुन्हा नवी विहीर खोदावी लागेल.

हे पेट्यांमध्ये ठेवलेले गाभे काय सांगू शकतात, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आज जिथे सह्याद्री आहे त्या भागात लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले. त्यातले काही प्रवाह हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून आजच्या राजमहेंद्रीजवळ पूर्व समुद्रापर्यंत पोहोचले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात ओएनजीसीने तेलासाठी विहिरी खोदल्या तेव्हा लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेला सागरी गाळ वर आला. अमेरिकेतल्या गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी त्यातले फोरामिनिफेरा, म्हणजे वाळूच्या कणाएवढे जीव, सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांचा लेख २०११ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात आला. दख्खनच्या उद्रेकाचा मुख्य टप्पा आणि डायनासोर संपवणारा महाविनाश यांचा काळ जुळतो, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर अजून वाद चालू आहे आणि तो चालायलाच हवा. पण या वादात भारतातला जो पुरावा आहे, त्यातला एक महत्त्वाचा भाग तेलविहिरींच्या पेट्यांमध्ये होता. तेल शोधणाऱ्यांच्या मनातही नसलेल्या प्रश्नावर त्याने प्रकाश टाकला. माझ्या अंगणातला काळा दगड किती दूर वाहत गेला, हे मी आज वर्गात पुराव्यानिशी सांगू शकते ते कुणीतरी त्या पेट्या उघडू दिल्या म्हणून.

माझ्या विद्यार्थिनीसाठी मात्र पेटी उघडली नाही. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तिला पश्चिम किनाऱ्याबाहेरच्या एका जुन्या विहिरीचा जेमतेम मूठभर चुरा हवा होता. विहीर तिच्या जन्माच्या आधी खोदलेली. संबंधित कार्यालयाला आम्ही तीन पत्रे लिहिली. आठ महिन्यांनी उत्तर आले की माहिती गोपनीय आहे. मग निदान कोणत्या विहिरींचे नमुने शिल्लक आहेत त्याची यादी तरी द्या, असे विचारले. यादी देता येत नाही, असे कळवले. तिने विषय बदलला. मुलगी हुशार होती, आजही तिची हळहळ वाटते.

२०१७ मध्ये आपल्या मंत्रालयाच्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाने नोएडात राष्ट्रीय विदा (डेटा) भांडार सुरू केले. भूकंपीय सर्वेक्षणे, लॉग (विहिरीत सोडलेल्या उपकरणांच्या नोंदी), अहवाल एका छताखाली आले, हे मोठे काम झाले आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण लॉग म्हणजे दगड नव्हे. विहिरीत सोडलेले उपकरण खडकाची किरणोत्सारिता आणि विद्युतरोध मोजते; त्या खडकात कोणता शंख आहे हे ते सांगत नाही. शिवाय या भांडाराची रचना मुख्यतः तेलशोधाच्या ब्लॉकसाठी (क्षेत्रांसाठी) बोली लावणाऱ्या कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. जिल्ह्याच्या गावातली प्राध्यापिका त्यात सहज बसत नाही.

नॉर्वेतही तेल ही राष्ट्राची संपत्ती मानतात आणि तिथल्या कंपन्या आपल्याइतक्याच स्पर्धेत असतात. तरी तिथे विहिरीची मूळ माहिती साधारण दोन वर्षांनी खुली होते आणि गाभे स्टाव्हान्गरच्या सरकारी कोठारात पाहता येतात. कॅनडात कॅलगरीला नियामकाच्या गाभा केंद्रात शुल्क भरून टेबल राखून ठेवता येते. मागितलेल्या पेट्या आणून मांडतात.

आपल्याकडे पहिली गरज यादीची आहे. विहिरीचे नाव, खोली, गाभा आहे की चुरा, किती शिल्लक आहे आणि कुठे ठेवला आहे, एवढे संकेतस्थळावर आले तरी अर्धे काम होईल. समुद्रातल्या विहिरींचे नेमके अक्षांश-रेखांश संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक असतील तर ते खुशाल झाका. सूक्ष्मजीवाश्म पाहायला आम्हाला खोली लागते, नकाशावरचा ठिपका लागत नाही. दुसरे, गोपनीयतेला मुदत असू द्या आणि ती संपली की नमुना आपोआप खुला होऊ द्या. प्रत्येकाने नव्याने अर्ज करून अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहणे नको. केंद्र सरकारचे विदा सामायिकीकरणाचे धोरण २०१२ पासून आहेच. नमुने वापरून संपतील ही भीती रास्त आहे. म्हणून गाभा उभा चिरून अर्धा भाग कायम राखावा, उरलेल्यातूनच अगदी थोडे द्यावे आणि त्यापासून केलेल्या काचपट्ट्या व निष्कर्ष परत जमा करण्याची अट घालावी. ती अट आम्ही आनंदाने पाळू.

घाई एवढ्यासाठी की दगडही टिकत नाही. शेल, म्हणजे चिकणमातीचा घट्ट झालेला खडक, हवेत सुकून पापुद्र्यांसारखा सुटतो. पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज दमट हवेत गंजते आणि आजूबाजूचा नमुना पोखरते. कोकणच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यावरची शाई उडते आणि खोली न लिहिलेला नमुना म्हणजे नुसती खडी. उद्या समुद्राखाली कार्बन डायऑक्साइड साठवायचा ठरला तर वरच्या शेलचे झाकण घट्ट आहे का, हे तपासायला याच जुन्या पेट्या लागतील.

सुरुवात बुजवलेल्या विहिरींपासून, तीही मुंबईच्या समुद्रातल्या जुन्यात जुन्या विहिरींपासून करावी. कोठारात मनुष्यबळ कमी असेल तर आम्हाला बोलवा. दिवाळीच्या सुट्टीत दहा विद्यार्थी घेऊन मी स्वतः येते. पेट्या मोजू, खोल्या पुन्हा लिहू, यादी टंकून देऊ. मानधन नको, प्रवासाचे आमचे आम्ही पाहू. काम झाल्यावर एक पेटी उघडून तो चुनखडक मुलांना हातात घेऊ द्यावा, एवढेच मागणे आहे.

आपली नम्र,
भूशास्त्राची एक शिक्षिका