कोसळलेली ओळ म्हणजे चुकीची ओळ नव्हे

महोदय,

मुक्तस्रोत प्रकल्पांत हातभार लावू पाहणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी बऱ्याचदा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेकडे वळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) 'सेगमेंटेशन फॉल्ट', म्हणजे मेमरीतल्या चुकीच्या जागेला हात लावल्याची एरर, देऊन कोसळला, की जिथे पडला तिथे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) 'नल', म्हणजे रिकामा, आहे का, एवढेच तपासणारी ओळ घालायचा मोह होतो. तिने दुखणे झाकले जाते, बरे होत नाही.

पायथनचा मुख्य इंटरप्रिटर सी भाषेत आहे. एखाद्या ऑब्जेक्टला (मेमरीतल्या वस्तूला) किती जणांनी धरून ठेवले आहे याची मोजणी त्या ऑब्जेक्टसोबतच असते. ती शून्यावर आली की मेमरी लगेच मोकळी होते. लिस्टमधला घटक काढून देणारे जुने फंक्शन मोजणी वाढवत नाही, घटक नुसता उसना देते. मग त्या घटकाची शोधायच्या वस्तूशी तुलना होते. तुलनेचा कोड वापरकर्त्याने पायथनमध्ये लिहिलेला असेल, तर त्यातूनच ती लिस्ट रिकामी करता येते. घटक गेला, तरी सी-मधला कोड त्याच पत्त्यावर विसंबून पुढे जातो. पॉइंटर 'नल' नसतोच, मग ती तपासणी काय पकडणार? लिस्टवरचा 'इन' (एखादी वस्तू लिस्टमध्ये आहे का ते पाहणारा शब्द) याच कारणाने कोसळत असे. उपाय दोन ओळींचा: तुलनेआधी मोजणी एकने वाढवायची, नंतर एकने उतरवायची. दुसरी ओळ राहिली तर कोसळणे थांबते, पण मेमरी गळू लागते. तुलनेत एरर आली तरी ती ओळ चाललीच पाहिजे.

अशा चुकीचा शोध घेताना इंटरप्रिटर 'विथ-पायडीबग' या चुका शोधण्यासाठीच्या पर्यायाने कंपाइल करावा. या बिल्डमध्ये (अशा तयार झालेल्या प्रतीत) मोकळी झालेली मेमरी 'डीडी' बाइटने भरली जाते. जीडीबीत (कोसळलेला प्रोग्रॅम तपासण्याच्या साधनात) पत्त्याच्या जागी डीडीडीडी दिसले, की कोणीतरी आधीच सोडलेली वस्तू वापरली जात आहे हे कळते. ती कोणी सोडली हे अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारे साधन सांगते: मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली आणि नंतर कुठे वापरली, तिन्ही ठिकाणे. मात्र 512 बाइटपर्यंतच्या मागण्या पायथन स्वतःच्या साठ्यातून भागवतो. तो साठा बंद ठेवला नाही, तर सॅनिटायझरच्या नजरेतून बरेच काही निसटते.

प्राध्यापकांना विनंती आहे, की अशा कामाला गुण देताना पाच-दहा ओळींची एक चाचणी मागावी. जुन्या बिल्डवर ती कोसळलीच पाहिजे, नव्यावर पार पडली पाहिजे, आणि पायथनच्या चाचण्या चालवणाऱ्या साधनाच्या 'आर 3:3' पर्यायाने पुन्हापुन्हा चालवूनही मोजणी वाढत जाता कामा नये.

— एक प्रोग्रॅमर, पुणे