भूमितीच्या आणि खो-खोच्या सरांना

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

येत्या महिनाअखेरीस आपण सेवानिवृत्त होत आहात, असे शाळेतून कळले. निरोप समारंभात बोलायची संधी मिळाली, तरी आपण समोर बसलेले असताना आपले कौतुक करण्याचे धाडस आमच्यापैकी फारशा कोणात नाही. म्हणून हे आभार सर्वांदेखत, पण लेखी मानत आहे.

मैदान आखण्याचे काम आपण कधीच शिपायांवर सोडले नाही. २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद आयत आखायचा, तर त्याचे कोपरे काटकोनातच आहेत हे कशावरून, असे विचारून आपण आम्हाला सुतळीवर तीन, चार आणि पाच मीटरच्या अंतरांवर गाठी मारायला लावत असा. कोपरे जमले की दोन्ही कर्ण मोजायचे आणि ते एकमेकांएवढे, म्हणजे ३१ मीटर ३८ सेंटिमीटरच्या आसपास भरले, तरच फक्कीला हात लावायचा, हा आपला शिरस्ता होता. पुढे पायथागोरसचा सिद्धांत फळ्यावर आला, तेव्हा गणिताच्या नावाने ज्यांना धडकी भरत असे, त्या मुलींनाही तो ओळखीचा वाटला. दहावीला भूमितीने आम्हाला तारले, त्याचे श्रेय मी शिकवणीच्या वर्गांना देत नाही.

खो-खोचे नियम १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्यावर लिहिले गेले, हे आपण अभिमानाने सांगत असा. त्या खेळात आपण ज्याकडे पाहत होतात, ते मात्र प्रेक्षकांच्या सहसा नजरेत भरत नाही. आक्रमणातल्या नऊ जणींपैकी एक धावते आणि आठ जणी एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून पाटीवर बसलेल्या असतात. धावणारीला मागे फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. बचावात पळणाऱ्या मुलीला मात्र दोन्हींची मोकळीक असते. त्यामुळे खो मिळताच पाटीवरची मुलगी किती चटकन उठते, यावर गडी हाती लागणार की निसटणार हे ठरते. टाळ्या खांबाजवळ सूर मारणारीला मिळत. आपण मात्र सामना संपला की आधी कोणाचे उठणे वेळेवर झाले आणि कोणाची टाच उशिरा सुटली, तेच सांगत असा. जिंकल्यावरसुद्धा तेच. त्या वयात आम्हाला त्याचा थोडा रागच येई.

आपल्या त्या लांबट वहीविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. सरावाला आलेल्या प्रत्येक मुलीची पळतीची वेळ आपण तीत नोंदवत असा, आणि प्रत्येक म्हणजे खरोखरच प्रत्येक. संघात बारा जणींची नावे जातात, त्यांतल्या नऊ मैदानात उतरतात. पण त्या बारांत कधीही न आलेल्या मुलीलासुद्धा कालच्यापेक्षा ती चार सेकंद जास्त टिकली, हे आपण वही उघडून दाखवत होतात. मी बरीच वर्षे याच मुलींपैकी एक होते. निवड झाली नाही म्हणून सराव सोडावा, असे मला कधी वाटले नाही, कारण माझा हिशेब ठेवणारे कोणीतरी तिथे रोज उभे होते. पदके मिळवून देणारे प्रशिक्षक पुण्यात कमी नाहीत. ज्यांच्याकडून पदक येणार नाही, त्यांच्यासाठी घड्याळ हातात धरणारे आपल्याखेरीज मी तरी पाहिलेले नाहीत.

जनता वसाहतीतून आणि दांडेकर पुलाकडून येणाऱ्या मुलींच्या घरी बाहेरगावच्या स्पर्धांना परवानगी मिळत नसे, तेव्हा आपण काकूंना बरोबर घेऊन वडिलांना भेटायला जात होतात. दहावीला क्रीडा गुण मिळतात, हा मुद्दा आपण तिथे धूर्तपणे पुढे करत असा, हे आम्हाला ठाऊक होते. तेवढ्यानेही काम झाले नाही, तर मुलींबरोबर आपण स्वतः जाऊ असे काकू सांगत, आणि मग वडिलांचा बोलण्याचा सूर बदले. प्रवासभर त्यांनी आमची देखभाल केली, त्याची नोंद शाळेच्या कोणत्याही अहवालात नाही. म्हणून त्यांचे आभार इथे मुद्दाम मानते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून ती जिंकली, तेव्हा आमच्या जुन्या संघाच्या गटावर रात्री उशिरापर्यंत संदेश येत होते. मॅटवर मातीची गंमत नाही, हे आपले मत त्या रात्रीही कोणीतरी आठवणीने सांगितले. या एका बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत नाही, सर. मॅटवर निदान खडे तरी टोचत नाहीत.

एक विनंती आहे. निवृत्तीनंतर कपाट रिकामे करताना त्या वह्या रद्दीत घालू नयेत. त्या आम्हाला काही दिवसांसाठी द्याव्यात. आम्ही सगळ्या नोंदी संगणकावर उतरवून घेऊ आणि वह्या आपल्याला परत आणून देऊ. आपले अक्षर लावताना जिथे अडेल, तिथे विचारायला घरी येऊच. काकूंना आधी कळवू.

आपली नम्र विद्यार्थिनी,
मुलींच्या खो-खो संघातील एक राखीव खेळाडू
पुणे