बाबांच्या अंगातलं लोखंड

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, तू फोनवर म्हणालीस की कुणीतरी ‘कीलेशन’चं सलाईन देतं, त्यानं मेंदूतलं लोखंड-तांबं निघून जातं आणि बाबांचा कंपवात (पार्किन्सन) बरा होतो. त्यासाठी तू पैसे जमवायला लागलीस, हेही कळलं. ते सलाईन लावू नका. धातू धरून ठेवणारी प्रथिनं हेच माझं प्रयोगशाळेतलं काम, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या माणसाचं निम्मं म्हणणं खरं आहे. कंपवातात मेंदूच्या ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ या काळसर भागात लोखंड जास्त साचलेलं दिसतं. पण शरीर लोखंडाला सहसा मोकळं सोडत नाही. रक्तात ट्रान्सफेरिन हे प्रथिन ते वाहून नेतं, पेशीत फेरिटिन साठवतं. फेरिटिन म्हणजे ज्वारीची कणगीच. एकात लोखंडाचे सुमारे ४,५०० अणू मावतात. आत असेपर्यंत त्याचा त्रास नाही. सुटलं की मात्र ते हायड्रोजन पेरॉक्साइडपासून असे जहाल कण तयार करतं, की पेशीचं आवरणच खराब होतं.

तांब्याचीही तीच गत. रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लास्मिनला बांधलेलं असतं, आणि हेच प्रथिन लोखंडाला पेशीतून बाहेर पडायला मदत करतं. काही थोड्या लोकांत ते जन्मापासून तयारच होत नाही. त्यांच्या मेंदूत लोखंड साचत जातं. तांब्याचं प्रथिन नाही, म्हणून लोखंड तुंबतं! मला तर हे अजूनही थक्क करतं. सरसकट धातू उपसून काढायची भीती वाटते ती यामुळेच.

बाबा, तुम्ही म्हणाल, करून बघायला काय हरकत आहे? करून बघितलंय. २०२२ साली युरोपातल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. कंपवाताचं नुकतंच निदान झालेल्या, लेव्होडोपा (कंपवाताची नेहमीची गोळी) सुरू न केलेल्या ३७२ जणांपैकी निम्म्यांना ३६ आठवडे डेफेरिप्रोन हे लोखंड काढणारं औषध दिलं. एमआरआयमध्ये लोखंड कमी झालेलं दिसलं, पण नुसत्या दिखाऊ गोळीवर असलेल्यांपेक्षा या लोकांचीच लक्षणं जास्त वाढली. कंपवातात कमी पडणारं डोपामिन हे मेंदूतलं रसायन बनवणाऱ्या एन्झाइमलाच लोखंड लागतं, हे त्याचं एक कारण असावं. शिवाय सलाईनमधून देतात त्यातल्या काही औषधांनी रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरून जिवावर बेतू शकतं.

विल्सनच्या आजारात मात्र असा उपचार खरोखर जीव वाचवतो. तिथे यकृतातलं तांबं बाहेर टाकणारं प्रथिनच बिघडलेलं असतं. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी त्यावर पेनिसिलामीन हे तांबं काढणारं औषध दिलं आणि आजवर कितीतरी मुलं त्यानं वाचली. बाबांना तो आजार नाही.

आई, तांब्यातलं पाणी बंद करायची गरज नाही. जास्तीचं तांबं निरोगी यकृत पित्तातून बाहेर टाकतं. ताक, लिंबू-सरबत तेवढं बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ठेवू नकोस.

तू लक्ष घालायला हवंस ते गोळ्यांच्या वेळांकडे. बाबांना हिमोग्लोबिनसाठी लोहाची गोळी सुरू झाली आहे ना? ती लेव्होडोपाला पोटातच धरून ठेवते आणि औषध अंगी कमी लागतं. दोन्हींत निदान दोन तास जाऊ दे. नेमकं अंतर डॉक्टरांकडून लिहून घे. लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा तास दे. आणि बाबा, कडक भाकरीवर शेंगाचटणी घ्या, खुशाल घ्या, पण गोळीच्या वेळेला नको. शेंगदाण्यातलं प्रथिन आतड्यात गोळीच्या वाटेत येतं. दुपारी हात जड पडतो म्हणता, त्यात याचाही वाटा असू शकतो.

जमवलेले पैसे फिजिओथेरपीला लावा. सिद्धेश्वर तलावाकडची रोजची फेरीही चुकवू नका; व्यायामाचा कंपवातात खरा उपयोग होतो. पुढच्या तपासणीला मी सोलापूरला येते. तोवर आई, कुठली गोळी किती वाजता दिली आणि हात कधी जड पडला, एवढं वहीत लिहून ठेव.

तुमची,
थोरली