आप्पा, माझं हेल्मेट घालू नका

नाशिक, रविवार

ती. आई-आप्पांना साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर तू कौतुकानं म्हणालीस, "तुझे आप्पा आता तुझं सायकलचं हेल्मेट घालूनच मोटारसायकलवर मळ्यात जातात. हलकं आहे म्हणतात." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आप्पा, बागायती रुमालाशिवाय तुम्ही डोक्याला काही घेतलंत, याचा आनंद आहेच. पण ते हेल्मेट घालू नका.

दिवाळीत तोरणमाळच्या उतारावर मी पडले, तेव्हा 'थोडं खरचटलं' एवढंच सांगितलं होतं. खरं तर पुढचं चाक दगडाला अडलं आणि मी हँडलवरून थेट तोंडावर आपटले. आई, हनुवटीसमोरच्या पट्टीवरचा पांढरा ओरखडा तू फडक्यानं पुसत होतीस ना, तो त्या दगडाचा. सायकलच्या साध्या हेल्मेटला ती पट्टी नसते. ती नसती तर माझे दात आणि जबडा शाबूत राहिला नसता. तुम्ही घाबराल म्हणून लपवलं, ते चुकलंच.

ज्यानं मला वाचवलं ते आता निकामी झालंय. कवचाच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. आपटलं की तो चेपतो आणि मार स्वतः खातो, पण एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. कपाळाकडची गादी काढून बघा, केसाएवढी चीर दिसेल. दुसऱ्यांदा तिथेच मार बसला तर तो डोक्यालाच लागेल. आतलं पिवळं पातळ अस्तर आहे ना, त्याला मिप्स म्हणतात, स्वीडनमध्ये शोधलेलं. तिरका मार बसला की डोकं गर्रकन फिरतं आणि मेंदूला पीळ बसतो. ते अस्तर 10-15 मिलिमीटर सरकतं आणि तो पीळ कमी करतं.

आणि हेल्मेट कोरं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. त्यावर एएसटीएम एफ 1952 लिहिलंय, म्हणजे डोंगरउतारावरच्या सायकलसाठीची चाचणी. त्यात हनुवटीची पट्टीही तपासतात. मोटारसायकलच्या हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि आयएस 4151 हा आकडा हवा. दोन्हींचं काम वेगळं.

तुम्हाला ते का आवडलं, ते कळतं मला. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बंद हेल्मेट घालणं म्हणजे डोकं भट्टीत घालणं. माझ्या हेल्मेटला पुढून वारा आत घेणारी आणि मागून गरम हवा सोडणारी भोकं आहेत, गालाच्या गाद्याही काढून धुता येतात. मोटारसायकलचंही असंच हवेशीर, धुता येणाऱ्या अस्तराचं मिळतं. तेच पाठवते.

आई, त्यासाठी तुझी शिवणाची टेप घे. भुवयांच्या दोन बोटं वरून, मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग धरून आप्पांचं माप घे आणि सेंटिमीटरमध्ये सांग. आप्पा, नवं हेल्मेट आलं की गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. मान हलवली तर हेल्मेट मागे राहता कामा नये. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली एखाद-दोन बोटं जावीत, जास्त नाही. तुम्ही नुसतं डोक्यावर ठेवता आणि पट्टा लोंबकळत सोडता, तसं मात्र करू नका.

जुन्याचा पट्टा कात्रीनं कापून टाका. नाहीतर कुणी शेजारचं पोर उचलून घालेल.

तुमची,
लाडी